वकिलांच्या गाडीचा वायसर

परळच्या एका गिरणीत मी फिटर होतो. सहा दिवस वाफेच्या नळ्या आणि रविवारी गिरगावातले पाण्याचे नळ, असा माझा संसार चालला होता. खरा संसार कोकणात होता, तो शिमग्याला जाऊन बघून यायचो. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊजण राहत होतो, आणि नळ गळायला लागला तर काय करायचं हे नवांपैकी मला एकट्याला ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या वळकटीला खिडकीशेजारची जागा मिळाली होती.

ही विद्या अगदी थोडी आहे. नळाच्या तोटीत चामड्याची एक चकती असते. तिला आम्ही कारागीर लोक वायसर म्हणतो. चकती झिजली की नळ गळतो, नवी घातली की गळायचा थांबतो. यापलीकडे नळात काही नाही. पण ती चकती चामड्याची असते ही बातमी गिरगावातल्या जुन्या घरांत पोचली, आणि तेव्हापासून माझं रविवारचं काम निम्मं हातानं आणि निम्मं तोंडानं करावं लागू लागलं. चामड्याला लागून आलेलं पाणी देवाला कसं चालेल? कोरडं चामडं एक वेळ चालतं, त्यावर कांबळं अंथरलं की झालं. ओलं चामडं चालत नाही, कारण विटाळ पाण्यातून चढतो. हे मला इतक्या घरांत इतक्या वेळा समजावून सांगण्यात आलं, की पुढे पुढे मीच ते लोकांना समजावून सांगू लागलो. बहुतेक घरांनी यावर तोड काढली होती. देवाला आणि पिण्याला विहिरीचं पाणी, धुण्याभांड्याला आणि घोड्याला नळाचं. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं.

गिरगावातल्या एका वाडीत असंच एका वकिलांचं घर होतं. वकिलांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे घरात तिघंच. वकील, त्यांच्या आई आणि त्यांची धाकटी बहीण. आईंना सगळा वाडा नव्हे, सगळी वाडीच माई म्हणायची. बहिणीला ताई. माई विधवा होत्या आणि ताईही विधवा होत्या. ताई तिशीच्या आतल्या होत्या. त्यांचं घराबाहेर पडणं आठवड्यातून एकदा, सोमवारी, माईंबरोबर बंद गाडीतून वाळकेश्वरच्या महादेवाला. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना पडदे होते, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून माईंनी ते खालून शिवून घेतले होते. उघडी होती ती फक्त समोरची काच, हातभर रुंद. तेवढ्या काचेतून ताईंना मुंबई दिसायची. ही हकिकत त्या काचेची आहे. ताईंना ती राहते की जाते एवढाच प्रश्न होता, पण तो माझ्या ध्यानात येईपर्यंत मी पुष्कळ घोटाळा करून ठेवला होता.

गाडी वकिलांनी एका साहेबाच्या लिलावात घेतली होती. साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याला यंत्रांचं वेड असावं, आणि हाताशी वेळही बराच असावा. त्यानं गाडीच्या टपावर पत्र्याची टाकी बसवली होती. टाकीतून एक नळी समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत आणून तिला बारीक भोकं पाडली होती, आणि गाडीवानाच्या पायाखाली एक लोखंडी पट्टी ठेवली होती. पट्टी दाबली की तार ओढली जायची, टाकीची झडप उघडायची आणि काचेवर पाणी यायचं. पाय उचलला की बंद. रस्त्यावर कितीही धूळ असली, घोड्यानं कितीही चिखल उडवला, तरी काच धुऊन लख्ख. हे यंत्र कसं वापरावं याचा एक इंग्रजी कागद साहेबानं गाडीबरोबर दिला होता आणि त्यावर यंत्राचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. वॉशर.

वकिलांना ते यंत्र फार आवडलं. आल्यागेल्याला ते टाकी दाखवायचे. गाडीवानालाही आवडलं, पण त्यानं आपल्या सोयीनं त्यात सुधारणा केली होती. नळीचं शेवटचं टोक त्यानं थोडं बाहेर वाकवलं होतं, आणि रस्त्यात अंगावर भुंकत येणाऱ्या कुत्र्यांवर तो त्यातून पाणी सोडायचा. गिरगावातली कुत्री त्या गाडीला ओळखायला लागली होती.

एका सोमवारी असंच एक कुत्रं आडवं आलं आणि गाडीवानानं पट्टी जरा जोरात दाबली. बाहेर कुत्रं पळालं आणि आत काचेच्या चौकटीच्या फटीतून पाणी माईंच्या अंगावर आलं. माई देवळाच्या तळ्यावर स्नान करून सोवळ्यातच परत यायच्या, कारण घरी येऊन नैवेद्याचा स्वयंपाक करायचा असायचा. त्यांनी गाडी थांबवून विचारलं, "पाणी कसलं रे हे?"

"विहिरीचं, माई. मीच भरलंय सकाळी."

माईंना बरं वाटलं. इथं गाडीवानानं गप्प बसायचं. पण तो घाटावरचा माणूस, विचारलेल्याचं पुरं उत्तर द्यावं असं त्याच्या वडिलांनी शिकवलेलं. तो म्हणाला, "फकस्त मधी चामड्याचा वायसर हाय, तेवढाच."

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. माईंनी तीनदा स्नान केलं, प्रसाद गाईला घातला, आणि संध्याकाळी वकिलांना सांगितलं की ती पाण्याची भानगड गाडीवरून जाईपर्यंत मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि मी नाही म्हणजे तीही नाही. ती म्हणजे ताई. ताईंचा सोमवार असा एका वाक्यात बंद झाला.

वकिलांनी माझ्याकडे गाडीवानाबरोबर चिठ्ठी पाठवली. मला मराठी वाचता येत होतं, त्याचा मला अभिमान होता. चिठ्ठीत एवढंच होतं. गाडीचा वॉशर काढून टाकणे. गाडी सोवळ्याला चालली पाहिजे.

मला वाटलं, शिकलेला माणूस असा असतो. दुखणं नेमकं ओळखलंय. रविवारी सकाळी मी गेलो, घरात कुणाला त्रास न देता थेट तबेल्यात जाऊन टपावर चढलो, झडप उघडली, आतली चामड्याची चकती काढली, झडप पुन्हा बसवली आणि उतरलो. चकती खिशात टाकली. गाडीवानाला सांगितलं, "झाला काम. आता चामड्याचो संबंधच नाय." गाडीवानानं त्यावर विचार केला. चामडं गेलं, म्हणजे पाण्याचा विटाळ गेला, म्हणजे पाणी भरायला हरकत नाही. सोमवारी सकाळी त्यानं टाकी काठोकाठ भरली. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

माईंनी अट घातली होती की आधी वकिलांनी गाडीत बसून दाखवावं. म्हणून वकील त्या सकाळी पगडी, उपरणं, मांडीवर कागदांची पुडकी अशा थाटात कोर्टात निघाले. वायसर नसलेली झडप म्हणजे झडपच नव्हे. वाडीच्या तोंडाशी पहिले थेंब आले. गाडीवान पट्टीवरून पाय उचलायला गेला, पण पाय पट्टीवर नव्हताच. धोबीतलावापर्यंत सगळी टाकी काचेवरून, फटीतून आणि वकिलांच्या पगडीवरून उतरली होती. कागद दोघा भावांच्या वाटणीच्या दाव्याचे होते. शाई फुटून दोघांचे हिस्से पुन्हा एक झाले, असं गाडीवान पुढे कितीतरी दिवस सांगायचा.

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा वकील ओसरीवर माझी वाट बघत होते. राग आठवडाभर ताजा ठेवणं सोपं नाही. पण त्यांना सवय असावी.

"तुला काय सांगितलं होतं?"

"वायसर काढून टाकायला, साहेब."

"मग?"

"काढलाय ना. हा बघा." मी खिशातून चकती काढून त्यांच्या मेजावर ठेवली.

वकील उभे राहिले. ही चकती इथून उचल, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांच्या मागे भिंतभर कायद्याची पुस्तकं होती, सगळी चामड्यात बांधलेली. ती कोरडी होती. मी चकती उचलून खिशात टाकली.

"वॉशर काढ म्हटलं होतं मी. वॉशर!"

"हाच वायसर, साहेब. दुसरो वायसर नाय त्यात."

असं आमचं चांगलं पाच मिनिटं चाललं. ते म्हणत होते वॉशर, मी म्हणत होतो वायसर, आणि दोघांनाही समोरचा माणूस जाणूनबुजून खोटं बोलतोय असं वाटत होतं. मग माजघराच्या दाराआडून बाईचा आवाज आला.

"दादा, साहेबाच्या कागदात वॉशर म्हणजे धुणारं यंत्र. अख्खं. आणि मिस्त्री लोक नळातल्या चकतीला वायसर म्हणतात. शब्द एकच आहे. तुमचंही बरोबर आणि त्यांचंही."

वकील थांबले. ताईंना इंग्रजी येत होतं हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या नवऱ्यानं शिकवलं होतं, चार वर्षं, म्हणजे तो होता तोवर. आणि वायसर हा शब्द त्यांना मी अंगणात नळ दुरुस्त करताना स्वतःशी बडबडायचो त्यातून मिळाला होता. माझ्या बडबडीतून कुणाला विद्या मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

"ठीक आहे," वकील म्हणाले. "मग आता अख्खं यंत्र काढ. टाकी, नळी, तार, सगळं. आजच."

मी तबेल्यात गेलो आणि नळीचे स्क्रू काढायला बसलो. दोन काढले असतील, तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. ताई दाराच्या आत उभ्या होत्या, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला.

"मिस्त्री, हे काढल्यावर काच कोण पुसणार?"

"गाडीवान उतरून पुसेल की, ताई."

"तो उतरत नाही. मधे रस्त्यात घोडा सोडून कसा उतरेल? गिरगावातून बाहेर पडेपर्यंतच काचेवर धुळीचा थर बसतो. हे यंत्र यायच्या आधी जुन्या गाडीत मी तीन वर्षं बसले आहे. गेले आणि आले, दिसलं काही नाही. ह्या गाडीत पाच सोमवार मला सगळं दिसलं. समुद्र दिसला. मुंबईत राहून मी समुद्र पहिल्यांदा ह्या काचेतून पाहिला."

मी कोकणातला. समुद्र बघायला मिळावा अशी गोष्ट असते हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तो अंगणाच्या खाली पडलेला असतो आणि त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. पण त्यांचं बोलणं मला लागलं. हातातला स्क्रू मी परत बसवला.

मग मी ओसरीवर जाऊन वकिलांना सांगितलं की यंत्र काढलं तर टपाला भोकं राहतील, टप कुजेल, गाडी वर्षभरात बाद होईल. यातलं काहीही खरं नव्हतं. भोकं बुजवायला मला अर्धा तास लागला असता. त्यापेक्षा चामडं काढून त्या जागी सोवळ्याला चालेल असं दुसरं काहीतरी घालतो, म्हणालो. वकिलांचा त्या यंत्रावर मुळात जीव होताच. त्यांनी शिवरात्रीपर्यंत मुदत दिली. शिवरात्रीला माई महादेवाला जाणारच होत्या, घरच्या गाडीनं नाहीतर भाड्याच्या गाडीनं. तोवर जमलं नाही तर यंत्र उपटायचं. आणि चालेल की नाही हे माई ठरवतील.

शिवरात्रीला सहा रविवार होते. सहा रविवार म्हणजे ताईंचे सहा सोमवार घरातच, हा हिशेब मी मनात करत होतो आणि तो मला आवडत नव्हता.

आधी मी लाकडी बूच घालायला निघालो होतो, मऊ, विलायती. माई दाराच्या आत पाटावर बसल्या होत्या, मी अंगणात. त्यांनी विचारलं, "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, बाटलीचं आहे. "कसल्या बाटलीचं?" मी बूच परत खिशात टाकलं. प्रकरण तिथंच संपलं.

पुढच्या खेपेला गिरणीतल्या एका गोऱ्या इंजिनियराच्या कपाटातून रबराचा तुकडा मिळवला. रबर हे झाडाच्या चिकापासून होतं असं मी ऐकलं होतं आणि तसं मी माईंना सांगितलं. माईंनी तो तुकडा काठीनं उंबऱ्याजवळ ओढून घेतला, काठीनंच दाबून पाहिला, आणि मला तो ताणून दाखवायला लावला. मी ताणला. तो लांब झाला. सोडला, परत पूर्वीसारखा झाला.

"हे कातडं आहे," माई म्हणाल्या.

"नाय माई, झाडाचा चीक."

"झाड असं करत नाही."

मी वकिलांकडे बघितलं. त्यांना उत्तरं देण्याचे पैसे मिळायचे, पण ते आत निघून गेले.

मग मी सूत आणलं. चांगलं पीळदार गिरणीचं सूत. माईंना ते एकदम पसंत पडलं. कापूस तो कापूस, म्हणाल्या. ताई दारामागे होत्या, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रामाणिकपणा शिरला. म्हटलं, माई, सांगून ठेवतो, ह्या सुताला गिरणीत खळ लावतात, आणि खळीत चरबी असते. माईंनी विचारलं, कसली चरबी? मी सांगितलं. माई उठून आत गेल्या. त्यांच्या कपाटात गिरणीचं कापड किती होतं कोण जाणे, पण त्या संध्याकाळी वाडीच्या विहिरीवर त्या घरची पुष्कळ लुगडी धुतली गेली. "तू पोटासाठी नळ दुरुस्त करतोस हेच बरं," वकील म्हणाले. "साक्षीदार म्हणून तू पक्षकाराला फासावर चढवशील."

मला रात्रभर स्वतःचा राग येत राहिला. एवढं एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो. मी अंगणात उभा, वकील ओसरीवर, माई पाटावर. मी म्हटलं, जमत नाही, यंत्र काढतो. तेव्हा ताई दाराआडून म्हणाल्या, "माई, रेशीम चालेल?"

माईंनी विचार केला. "रेशमाला विटाळ नाही."

रेशीम कसं काढतात ते मला गिरणीत एकानं सांगितलं होतं. उकळत्या पाण्यात किड्यांसकट कोश टाकतात म्हणे. ते मी तिथं सांगितलं नाही. माणूस कधीतरी शिकतोच.

"पण बाजारातलं नको," माई म्हणाल्या. "बाजारात त्याला कोणी हात लावलेले असतात. घरातलं हवं, सोवळ्यातलं."

वकील म्हणाले की त्यांचा पूजेचा रेशमी मुकटा एकच आहे आणि तो फाडला तर ते पूजेला काय नेसणार. माईंचंही सोवळ्याचं वस्त्र एकच होतं. मग दारामागून पावलं आत गेली, पेटीचं झाकण वाजलं, आणि ताई घडी घातलेला एक मुकटा घेऊन दारात आल्या. रेशीम जुनं होतं, पण घडी कधी मोडली नसावी अशी. कापराचा वास अंगणापर्यंत आला. मुकटा पुरुषाचा होता.

मी म्हटलं, "ताई, दोन बोटं रुंद पट्टी पुरे. जास्त नको."

माझी कात्री चामडं कापणारी, ती चालणार नव्हती. ताईंनी आतून विळी आणली, तिथंच उंबऱ्याच्या आत बसल्या, आणि काठाकडून दोन बोटं रुंद पट्टी चिरली. हात जराही थांबला नाही. भाजी चिरताना थांबत नाही तसा.

"तो कशाला काढलास?" माई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"पेटीत ठेवून कसर लागणार होती."

माईंनी तो मुकटा बघितला, मग ताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, मला ते कळणं कामासाठी जरूर आहे अशा सुरात म्हणाल्या, "जावईबापूंचा आहे. त्याला विटाळ नाही."

मला फार वाईट वाटलं. हे मी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहू शकत नाही. मी ती पट्टी घेतली तेव्हा माझे हात तेलकट होते, ते मी आधी तीनदा पुसले. पट्टीला पीळ भरून त्याला तूप लावायचं होतं. तूप माईंनी स्वतः आणलं आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर वरून सोडलं, माझ्या हाताला न लागता. मी तो पीळ झडपेत चकतीच्या जागी, दांड्याभोवती घट्ट गुंडाळून बसवला, टाकीत विहिरीचं पाणी भरलं, आणि आम्ही सगळे अर्धा तास टपाकडे बघत उभे राहिलो. एक थेंब पडला नाही. पायाखालची लोखंडी पट्टी दाबली, पाणी आलं. सोडली, थांबलं.

शिवरात्रीच्या दिवशी मी गिरणीत पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि सकाळीच गिरगावात गेलो. माईंचा हुकूम होता की मिस्त्रीला गाडीवानाशेजारी बसवा, गळलं तर तिथल्या तिथं धरता येईल. मी बसलो. आत माई आणि ताई. वकील घरीच राहिले. त्यांनी त्या दिवशी बरोबर येण्याचा आग्रह धरला नाही.

रस्त्यावर महादेवाला निघालेल्या गाड्यांची रांग होती आणि धूळ अशी की घोड्याचे कान दिसेनात. थोडं पुढे गेल्यावर आतून काचेवर टकटक झालं. गाडीवानानं पट्टी दाबली. पाणी आलं, काच धुतली गेली, आत थेंब नाही. पुढच्या वळणावर पुन्हा टकटक. पुन्हा पाणी. वाटेत एक कुत्रं भुंकत आलं, गाडीवानानं त्याच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि कुत्र्याला जाऊ दिलं.

चौपाटीच्या तोंडाशी आलो आणि डाव्या हाताला समुद्र उघडा पडला. टकटक झालं. गाडीवानानं पट्टी दाबली. लगेच पुन्हा टकटक. त्यानं पुन्हा दाबली. काच आता इतकी स्वच्छ होती की काच आहे हेच कळत नव्हतं. तरी तिसऱ्यांदा टकटक झालं, जरा जोरात. गाडीवान गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा आतून ताईंचा आवाज आला.

"पाणी नको. तुमच्या दोघांच्या पाठी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हातभर काच, आणि तिच्यापुढे आम्ही दोघं पसरून बसलेलो. गाडीवान रोज एकटा बसायचा तेव्हाही निम्मी काच त्याचीच होती, आणि हे इतक्या दिवसांत कुणी त्याला बोललं नव्हतं. त्यानं गाडी रांगेतून बाहेर काढली, वाळूच्या कडेला नेली आणि घोड्याचं तोंड समुद्राकडे करून थांबवली. मग आम्ही दोघंही खाली उतरलो. तो घोड्याच्या लगामाशी गेला. मी घोड्याच्या बाजूला, काचेच्या आड न येता, गाडीकडे पाठ करून उभा राहिलो.

आतून माईंचा आवाज आला. "का थांबली गाडी?"

"काच गळते का बघतायत," ताई म्हणाल्या.

"गळते?"

"नाही."

"मग चला म्हणावं त्यांना. तिकडे रांग लागेल."

गाडीवानानं वाकून घोड्याचा पुढचा खूर उचलला आणि त्यात खडा अडकलाय का बघायला लागला. खडा नव्हता. खूर स्वच्छ होता, ते मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. भरती होती, लाटा बऱ्याच वरपर्यंत येत होत्या. मागून एक एक करून गाड्या वाळकेश्वरकडे पुढे जात राहिल्या. आत कुणी हललं नाही, आणि मी मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं माईंचा आवाज आला, हळू.

"सरक गं जरा तिकडे. मला काही दिसत नाही."

गाडीवानानं खूर खाली ठेवला आणि घोड्याचा दुसरा खूर उचलला.